तक्रारपेटीत कुंभारमाशीचं घर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदाच्या द्राक्षनिर्यातीच्या तयारीची बातमी आपल्या अंकात वाचली. बागांची नोंदणी, कंटेनरचं भाडं, कोणत्या देशाकडून मागणी येतेय, सगळं तपशिलात आलं होतं. शेवटच्या परिच्छेदात एकच वाक्य होतं, 'मजूरटंचाईमुळे बागायतदार हैराण'. दिंडोरी तालुक्यात माझी चार एकर बाग आहे, म्हणजे हैराण झालेल्यांत मीही आलोच. पण हा टंचाई शब्द वाचून वाचून आता विटलोय. टंचाई पाण्याची होते, खताची होते. माणसं येईनाशी झाली तर ती का येत नाहीत, हे कुणीतरी विचारायला नको का? कुणी विचारत नाही, म्हणून मीच माझ्या बागेतलं लिहितो. पत्र लांबणार आहे. कात्री लावायची तर लावा, फक्त मधला पेस्टिंगचा, म्हणजे काडीला औषध लावण्याचा, भाग तेवढा राहू द्या.

सुरुवात ऑडिटपासून करतो. आमचा माल युरोपला जातो. त्यासाठी ग्लोबलगॅपचं, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं, सर्टिफिकेट लागतं आणि त्याच्या जोडीला 'ग्रास्प' नावाची आणखी एक तपासणी असते. ती मजुरांसाठी. मजुरांचा निवडलेला प्रतिनिधी आहे का, तक्रारीची सोय आहे का, कामाचे तास लिहिता का, पगाराची पावती देता का, बालमजूर कुणी कामावर नाही ना, मुलं शाळेत जातात ना. प्रश्न सगळे रास्त आहेत, माझी एकाही प्रश्नाला हरकत नाही. हरकत आहे ती माझ्याच उत्तरांना.

मजुरांचा प्रतिनिधी म्हणून मी मुकादमाच्या पुतण्याचं नाव लिहिलं. त्याची निवडणूक झाल्याचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. सूचक, अनुमोदक, हजर मजुरांचे अंगठे, सगळं व्यवस्थित. त्या पोराला तो निवडून आल्याचं ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी कळलं. तो हसला आणि म्हणाला, "दादा, मग पार्टी कधी?"

तक्रारपेटी मी पिंपळगावहून आणली. पत्र्याची, हिरवी, कुलूपवाली. पंपाच्या खोलीच्या भिंतीला ठोकली आणि वर स्टिकर लावला. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती उघडायला सांगितली, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. साहेब माणूस चांगला होता, हसला आणि त्याने लिहून घेतलं, 'तक्रार नाही'. खरं तर पेटी उघडायची चावीही माझ्याकडेच होती आणि टोळीतल्या चौदा बायकांपैकी नाव लिहिता येणाऱ्या तीन. पण साहेबांना तसं काही विचारायचं नव्हतं. त्यांच्याकडे तीन तास होते आणि त्यानंतर मोहाडीला आणखी एक बाग होती.

बायकांशीही ते बोलले. मी शेजारी उभा. "मास्क मिळतो का?" "हां." "हातमोजे?" "हां." "पाणी, संडास?" "हां, हां." त्या बायका आपसात बोलतात कोकणी. सुरगाण्याकडची कोकणी, रत्नागिरीची नव्हे. बाहेरच्या माणसाला त्या मराठीत फक्त 'हां' म्हणतात. हा शब्द त्या कुठे शिकल्या, ते आम्हां बागायतदारांना ठाऊक आहे.

संडास खरोखर आहे. फायबरचा, निळा, ऑडिटच्या आधी घेतलेला. त्याची चावी घराच्या आतल्या खिळ्याला असते. घाण करतात, म्हणून. म्हणजे चौदा जणींतल्या एकीने घडांची विरळणी सोडून, बांध ओलांडून, अंगणात येऊन, माझ्या आईकडे चावी मागायची. आजवर एकीनेही मागितलेली नाही.

आता पेस्टिंगचं.

ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, सगळे एका वेळी फुटावेत म्हणून आम्ही हायड्रोजन सायनामाईड लावतो. मग्ग्यात औषध घ्यायचं, कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला ते कळावं म्हणून त्यात रंग कालवायचा आणि काडीकाडीवर हाताने टिपत जायचं. एकरात डोळे किती असतात ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. हातमोजे मी देतो. ते दुपारपर्यंत फाटतात. फाटले नाहीत तरी बायका काढून ठेवतात, कारण मोज्यातून काडीचा डोळा हाताला लागत नाही, हात मंदावतो, आणि काम उक्तं असतं. मंदावून चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत मी सहज बांधावर गेलो. एक बाई दुधाची रिकामी पिशवी हातात मोज्यासारखी घालून नागलीची भाकर खात होती. मला वाटलं, हाताला रंग आहे म्हणून. मी म्हटलं, हात धुवायला साबण ठेवलाय ना. तिने पिशवी काढून हात पुढे केला. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून निघाली होती आणि नखांच्या कडेला लाल झालं होतं. चटणी झोंबते म्हणून पिशवी. तिने तक्रार म्हणून दाखवलं नाही. मी विचारलं, म्हणून दाखवलं, आणि परत पिशवी घालून जेवायला लागली.

त्याच आठवड्यात दुसरं घडलं. टोळीतला एक एकोणीस वर्षांचा पोरगा पेस्टिंग करून संध्याकाळी नाक्यावर जाऊन प्यायला. तासाभरात तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, उलट्या, उभं राहता येईना. हे औषध अंगात गेलेलं असलं की दारू पचण्याची क्रिया अडते. कृषी केंद्रवाल्याने मला ते सांगितलं होतं, डब्यावरही बारीक अक्षरात होतं. मी मुकादमाला एवढंच म्हटलं होतं, "पोरांना सांग, पिऊ नका." आता या लोकांना दारू पिऊ नका असं कोण सांगत नाही? सरपंच सांगतो, मास्तर सांगतो, महाराज सांगतो. कशामुळे, या आठवड्यातच का, प्यायलं तर नेमकं काय होईल, ते मी सांगितलंच नाही. तर माझ्या सांगण्याची किंमत कीर्तनातल्या सांगण्याएवढीच झाली.

पोरगा दोन दिवस खासगी दवाखान्यात होता, वाचला. बिल मी भरलं आणि मनातल्या मनात मोठेपणाही घेतला. पुढे फाल्गुनात हिशेबाच्या वेळी कळलं की मुकादमाने ते बिल त्या पोराच्या उचलीत धरून वळतं केलं होतं. पैसे मुकादमाकडेच राहिले. माझ्या अपघात नोंदवहीत त्या तारखेसमोर लिहिलंय, 'निरंक'. कारखान्यात हे झालं असतं तर त्या पोराकडे निदान ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असतं. शेतात तसलं काही नाही.

संपादक महोदय, याच बागेची दुसरी बाजू सांगतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या, आम्ही ज्याला सीसीसी म्हणतो त्या औषधाचा, अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. नाशकात ज्यांनी तो हंगाम पाहिलाय ते विसरणार नाहीत. बँकेचं कर्ज काय, सोनं गहाण काय, सगळं झालं. पण त्यानंतर काय झालं तेही बघा. केंद्राची शेतमाल निर्यात संस्था 'अपेडा', पुण्याजवळच्या मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, प्रयोगशाळा, निर्यातदार, युरोपातले खरेदीदार आणि आम्ही शेतकरी, सगळे कामाला लागलो. २००६ पासून निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारं 'ग्रेपनेट' होतंच, ते आणखी कडक झालं. कोणतं औषध चालेल, काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, याची यादी आम्ही तोंडपाठ केली. 'अॅनेक्झर पाच' ही ती यादी, तिचं नाव काढलं की आठवी शिकलेला बागायतदारही पीएचआय, म्हणजे ते काढणीपूर्वीचे दिवस, सांगतो. आज माझ्या बागेतला घड प्रयोगशाळेत जाऊन आल्याशिवाय खोक्यात बसत नाही. पनेटवरचा, म्हणजे दुकानात जाणाऱ्या प्लास्टिकच्या डबीवरचा, नंबर टाकला की कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधलं द्राक्ष आहे ते कळतं. मिलिग्रॅममध्ये मोजमाप आहे. परक्या देशांनी आणि आपण मिळून एखादं काम मनावर घेतलं तर किती चोख होतं, त्याचा नमुना माझ्या पंपाच्या खोलीत फायलीत लावलेला आहे.

ते मोजमाप मण्याचं. बोटाचं नाही.

माझ्या भिंतीवरच्या यादीत काढणीपूर्वीच्या दिवसांचा रकाना आहे, मी त्यावर लाल पेनने खुणा केल्यात. फवारणीनंतर किती तासांनी माणसाने बागेत शिरावं, याचा रकाना त्या कागदावर नाही. पाऊस झाला, डाऊनी रोगाची भीती वाटली की आम्ही पहाटे फवारणीचा ब्लोअर फिरवतो आणि नऊ वाजता बायका विरळणीला त्याच ओळीत असतात. मान वर, दोन्ही हात वर, कात्री घडात आणि पानांवरून ओघळलेलं थेट मनगटावरून कोपरापर्यंत. ओळीच्या टोकाला मांडवाच्या तारेला लुगड्याची झोळी आणि झोळीत पोर. गडी संध्याकाळी फवारा म्हणून सुचवतो, पण संध्याकाळी वीज नसते. हे लिहिताना लाज वाटते, पण माझ्या शिवारात निराळं करणारा मला दाखवा.

आणि ते पेस्टिंगचं औषध? युरोपीय संघाने २००८ साली ते आपल्या परवानगीच्या यादीत घेतलं नाही. ते हाताळणाऱ्या माणसाच्या अंगात किती जातं, हे त्यामागचं एक कारण होतं. आपल्याकडे ऑक्टोबरला काडीला लावलेलं फेब्रुवारीच्या मण्यात सापडत नाही, त्यामुळे तिथल्या जेवणाच्या टेबलावर कुणाची काही हरकत नाही. इटलीच्या बागायतदाराच्या हाताला जे नको, ते सुरगाण्याच्या बाईच्या हाताला चालतं. मी सर्टिफिकेटवाल्या साहेबांना हे विचारलं. ते म्हणाले, "दादा, तुमच्या देशात त्याला नोंदणी आहे ना? मग झालं." बरोबरच आहे त्यांचं.

आता कुणी म्हणेल, हा कामगार खात्याचा विषय, त्यात परदेश कशाला आणता? परदेश मी आणत नाही, तो शंभर वर्षांपासून यात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ साली निघाली आणि वॉशिंग्टनच्या तिच्या पहिल्या परिषदेला भारताच्या कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी गेले होते. दोनच वर्षांनी शेतमजुरांचा प्रश्न तिथे आला, तेव्हा फ्रान्सने हरकत घेतली की शेती हा या संघटनेचा विषयच नाही. प्रकरण हेगच्या न्यायालयात गेलं. १९२२ साली न्यायालयाने सांगितलं की शेतमजूर हाही कामगारच, संघटनेला त्याच्याबद्दल बोलता येईल. शेतात राबणाऱ्याला कामगार म्हणावं की नाही यावर कोर्टात जावं लागलं, हे वाचून मला हसू आलं. मग आठवलं, आम्हीही त्यांना 'माणसं' म्हणतो, 'बायका' म्हणतो, 'टोळी' म्हणतो. कामगार कधी म्हणतो?

शेतमजुरांना संघटना करण्याचा हक्क देणारा १९२१ चा करार भारताने १९२३ मध्येच मान्य केला. ग्रामीण कामगारांच्या संघटनांचा १९७५ चा करार १९७७ मध्ये मान्य केला. म्हणजे सह्या करायला आपण मागे नव्हतो. पण २००१ साली शेतीतल्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा करार झाला, क्रमांक १८४, त्यावर भारताने आजवर शिक्कामोर्तब केलेलं नाही. त्यात काय आहे? धोका दिसला तर काम सोडून बाजूला होण्याचा मजुराचा हक्क. हंगामी मजुराला कायम मजुराइतकंच संरक्षण. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची वेगळी काळजी. शेतावर राहावं लागत असेल तर राहण्याजोगा निवारा. कामात इजा किंवा आजार झाला तर विम्याचं छत्र. माझ्या बागेवर यातलं एकही कलम पुरतं लागू होत नाही, म्हणून मला प्रत्येक कलम नीट कळलं.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशकातून मुंबईला निघालेला लाँग मार्च आपण सगळ्यांनी पाहिला. सुरगाणा-पेठची माणसं त्यात हजारोंनी होती, आमच्या टोळीतलीही होती. पाय फुटलेले फोटो पेपरात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी शेतकरी आणि ग्रामीण कष्टकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला आणि भारताने बाजूने मत दिलं. आमच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्याला मी हे सांगितलं. त्याने विचारलं, "तेथ गंगथडीचा रोज लिव्हलाय का?" आमच्या भागाला ते लोक गंगथडी म्हणतात. गोदावरीच्या काठी कामाला जाणं म्हणजे गंगथडीला जाणं. मी म्हटलं, नाही लिहिला. तो बिडी पेटवून गप्प बसला.

त्यांची अडचण अशी की ते जिल्ह्यातल्या जिल्ह्यात स्थलांतर करतात. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा केला गेला तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. सुरगाण्याहून निफाडला आलेला माणूस कुठलीच हद्द ओलांडत नाही. पिकअपमध्ये उभा राहून रात्रीचा घाट चढतो, पहाटे नाक्यावर थंडीत बसतो, पण कायद्याच्या डोळ्यांनी तो घरीच असतो.

आता पैशाचं बोलतो, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. आमच्या गावचा एक मुलगा नेदरलँड्सला शिकायला आहे. मागच्या मार्चमध्ये त्याने तिथल्या दुकानातल्या पनेटचा फोटो पाठवला. आपल्याच भागातला माल. अर्धा किलो, किंमत दोन युरोच्या वर. म्हणजे किलोला साडेतीनशे रुपयांच्या पुढे. त्या आठवड्यात मला बागेवर किलोला ८२ रुपये मिळाले होते. मधले सगळेच काही लुटारू नाहीत. बोटीचं भाडं आहे, शीतगृह आहे, दुकानाचं भाडं आहे, मला कळतं. पण ग्रास्पच्या सगळ्या अटींचा खर्च माझ्या ८२ मधून जातो. मोजे, संडास, पेटी, सर्टिफिकेटची फी, सगळं. अट तिथून येते आणि बिल इथे फाटतं.

माझे वडील १९८० च्या कांदा-उसाच्या आंदोलनात होते. उत्पादन खर्चावर भाव द्या, एवढंच तेव्हाचं मागणं. मी लहान होतो, घोषणा पाठ होत्या. तो खर्च काढताना मजुरी धरायची हे नक्की होतं. पण कोणती मजुरी धरायची, आपण देतो ती की द्यायला हवी ती, हा प्रश्न आमच्या ओट्यावर कधी निघाल्याचं आठवत नाही. आणि भाव मिळाला त्या वर्षी मी मजुरी वाढवली का? नाही. त्या वर्षी मी ब्लोअर घेतला.

याला वाट नाही असं कुणी सांगू नये. दक्षिण आफ्रिकेत दे दोर्न्स नावाचं गाव आहे, आपल्यासारखाच खायच्या द्राक्षांचा पट्टा, युरोपात आपल्याशी स्पर्धा करणारा. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथले मजूर संपावर गेले. किमान रोज ६९ रँड होता, त्यांनी १५० मागितला. सरकारने पुढच्या मार्चपासून १०५ केला. तिथल्या बागायतदारांनी ओरड केली की आता बागा उपटाव्या लागतील. आमची ओरड तंतोतंत तशीच असते. बागा काही उपटल्या गेल्या नाहीत, आजही त्यांचा माल आमच्या मालाशेजारी लागतो. कायम मजूर कमी करून हंगामी वाढवले, अशी तिथल्या संघटनांची तक्रार आहे, तीही खरी असणार. आम्ही तेच केलं असतं.

कॅलिफोर्नियात तर साठ वर्षांपूर्वी द्राक्षाच्याच मजुरांनी १९६५ ते १९७० असा पाच वर्षं संप चालवला. त्यांचे पुढारी सेझार चावेझ यांनी लोकांना सांगितलं, द्राक्षं खाऊ नका, आणि शहरातल्या लोकांनी खरंच खाल्ली नाहीत. त्यातून करार झाले. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, पण बहिष्कार म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. इथल्या मालावर बहिष्कार पडला तर आधी मी बुडेन आणि माझ्या आधी ती दुधाची पिशवीवाली बुडेल.

मला पटली ती फ्लोरिडाची रीत. तिथे इमोकली गावच्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी शेतकऱ्याशी भांडत बसण्याऐवजी थेट मोठ्या खरेदीदार कंपन्यांना गाठलं. मागणी काय, तर पौंडामागे एक सेंट जादा द्या, आणि तो सेंट मजुराच्या पगारात वेगळा दाखवा. २०११ पासून तिथल्या बहुतेक टोमॅटो शेतांवर ही पद्धत चालू आहे. मजुराचे हक्क मजूरच समजावून सांगतात, कामाच्या वेळात, त्या तासाचा रोज देऊन. तक्रारीला चोवीस तास फोन. तपासणीला येणारी माणसं निम्म्याहून अधिक मजुरांशी बोलतात. जो शेतकरी नियम मोडेल त्याचा माल त्या कंपन्या घेत नाहीत. हा शेवटचा भाग मला झोंबणारा आहे, पण त्याशिवाय मी सुधारेन याची मला स्वतःलाच खात्री नाही.

हिशेब आपल्याकडे आणून बघा. एकरी आठ टन माल निर्यातीला गेला तर अर्ध्या किलोची सोळा हजार पनेट होतात. पनेटमागे एक रुपया मजुराचा म्हणून खरेदीदाराने वेगळा दिला तर एकरी सोळा हजार रुपये. माझ्या चार एकरांचे चौसष्ट हजार. दोन युरोच्या पनेटमध्ये तो रुपया खाणाऱ्याला दिसणारसुद्धा नाही. टोळीतल्या चौदा जणींत वाटला तर प्रत्येकीला साडेचार हजारांच्या वर येतात आणि उचलीचा एक हप्ता सुटतो. अट एकच, तो रुपया माझ्या हातून किंवा मुकादमाच्या हातून जाऊ नये, सरळ बाईच्या खात्यात जावा. माझ्या हातून गेला तर त्याचा ब्लोअर होईल.

तिकडे कायदे होतायत, नाही असं नाही. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांनी आपला माल कुठून, कुणाच्या हातून येतो याची जबाबदारी घ्यायचा कायदा आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच निर्देश मंजूर केला आणि वर्षाच्या आत त्याची तारीख पुढे ढकलली. पुढे त्या कायद्याचीच विरळणीही सुरू झाली. तिकडचे उद्योगपती म्हणतात, कागदं फार होतात. कागदांबद्दल मी त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. त्या कुटुंबांना तीन वर्षांनी औषधाच्या कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडपर्यंत दाद मागायला जावं लागलं, तिथल्या कोर्टात आणि तक्रार यंत्रणेकडे. कागदं त्याही कंपनीकडे भरपूर असतील.

म्हणून माझं मागणं कागद वाढवायचं नाही, जागा बदलायचं आहे. ऑडिट माझ्या बागेत करूच नका. जुलैमध्ये करा, सुरगाण्यात, पेठला, हरसूलला, बायका भाताच्या आणि नागलीच्या लावणीला घरी असतात तेव्हा. तिथे मी शेजारी उभा नसेन, मुकादम नसेल. विचारणारी बाई कोकणी बोलणारी असू द्या, त्याच पाड्यावरची नर्स किंवा बारावी झालेली मुलगी असली तरी चालेल. मग विचारा, गंगथडीला कुणाकुणाच्या बागेत होतीस, मोजे किती दिवस टिकले, संडासाची चावी कुठे होती, उचलीत काय काय धरलं. त्या उत्तरांवर माझं सर्टिफिकेट ठरवा. युरोपच्या खरेदीदाराने त्या तपासणीचे पैसे द्यावेत, आपल्या कामगार खात्याने माणसं द्यावीत आणि दिल्लीने १८४ क्रमांकाच्या करारावर सही करावी. आणि मांजरीच्या शास्त्रज्ञांना हात जोडून विनंती, आम्ही भिंतीला चिकटवतो त्या यादीत पीएचआयच्या शेजारी एक रकाना वाढवा, 'किती तासांनी माणूस आत'. बाकी काही होवो न होवो, तो रकाना आम्ही लाल पेनने भरू. आम्हाला सवय आहे.

माझे शेजारी हे वाचून म्हणतील, घरचं उणं वेशीवर टांगलं. निर्यातीला धक्का बसेल म्हणतील. मागे सीसीसीबद्दल जे आधी बोलले होते त्यांनाही आपण असंच गप्प केलं होतं. आणि दुसरं, माणसं आता येत नाहीतच. ज्या पोराला मी दवाखान्यात नेलं तो यंदा वापीला एका कंपनीत लागलाय. मी फोन केला होता, ऑक्टोबरला येशील का म्हणून. म्हणाला, "दादा, इथं कार्ड देलाय." फोटोवालं ओळखपत्र मिळालंय त्याला, गळ्यात घालायचं.

पुढच्या आठवड्यात आमच्या निर्यात गटाची बैठक आहे. पनेटमागे रुपयाचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. इतिवृत्त मात्र या वेळी खरं लिहीन.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक
(नाव छापू नये ही विनंती. गटाच्या बैठकीत सांगणारच आहे.)

ता. क. : पत्र बायकोने वाचलं. म्हणाली, चावीचं एवढं लिहिलंत, ती अजून आतल्याच खिळ्याला आहे. ती बाहेर टांगतो आणि मग टपालात टाकतो.